रवींद्रनाथांच्या ‘शास्ति’ कथेतील अभिमान : शोकात्म लघुकथेच्या घटकांचा एक विचार

शोकात्म लघुकथेचे विवेचन करताना कथानक, स्वभावरेखन, वातावरण, निवेदन, संवाद आणि शेवट हे घटक वेगळे काढून प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करण्याची पद्धत रूढ आहे. अध्यापनाच्या दृष्टीने ती सोयीची आहे. परंतु कथा दुसऱ्या भाषेतली असेल आणि तिच्या केंद्रस्थानी असलेला शब्द दोन्ही भाषांत सारखाच दिसत असेल, तर या पद्धतीने केलेले विवेचन फसण्याचा संभव असतो. अपरिचित शब्दाचा अर्थ वाचक शोधतो. परिचित शब्दाचा शोधत नाही. रवींद्रनाथ ठाकुरांची ‘शास्ति’ ही कथा मराठी अभ्यासकापुढे नेमकी हीच अडचण उभी करते. या कथेतील नायिकेच्या वृत्तीला निवेदक ‘अभिमान’ म्हणतो. मराठी वाचक त्याचा अर्थ ‘गर्व’ असा घेतो आणि मग साऱ्या कथेचा तोल बदलतो : गर्विष्ठ स्त्रीने हट्टाने प्राण गमावला, एवढेच कथेचे तात्पर्य उरते. बंगाली ‘अभिमान’ हा शब्द नीट समजून घेतला की कथेतील इतर घटक एकमेकांशी कसे बांधलेले आहेत, हे स्पष्ट होऊ लागते. प्रस्तुत लेखात त्या दिशेने विचार केला आहे.

१. कथा आणि तिची भूमी

‘शास्ति’ ही कथा १८९३ साली, म्हणजे बंगाली सन १३०० च्या श्रावणात, ‘साधना’ मासिकात प्रसिद्ध झाली. हा काळ रवींद्रनाथांच्या कथालेखनातील अत्यंत फलदायी काळ होय. ठाकूर घराण्याच्या जमीनदारीची व्यवस्था पाहण्यासाठी या वर्षांत त्यांचे वास्तव्य पद्मेच्या परिसरात, विशेषतः शिलाइदह येथे, असे. हे स्थान आज बांगलादेशातील कुष्टिया जिल्ह्यात आहे. नदीकाठची गावे, कुळे, कचेरीचे कारकून, खंड आणि बाकी यांचे जग त्यांनी येथे जवळून पाहिले. ‘शास्ति’ हे त्या जगाचे अपत्य आहे.

कथावस्तू थोडक्यात अशी. दुखिराम आणि छिदाम रुई हे दोन भाऊ मजूर आहेत. थोरल्याची पत्नी राधा, धाकट्याची चंदरा. जावाजावांचे भांडण रोजचेच. पावसाळ्यातील एका दिवशी जमीनदाराचा शिपाई दोघा भावांना कचेरीचे गळके छप्पर दुरुस्त करण्यासाठी धरून नेतो. इतर लोक त्या वेळी बुडत चाललेल्या चरातील भात कापून घेत असतात. दिवसभर पोटभर अन्न नाही, पुरती मजुरी नाही, वर शिव्या. संध्याकाळी घरी आल्यावर दुखिराम भात मागतो. घरात दाणा नसलेली राधा तिखट उत्तर देते आणि त्या उत्तरात तिने स्वतः बाहेर जाऊन कमाई करावी काय, असा कुत्सित ध्वनी असतो. दुखिराम हातातील कोयता तिच्या डोक्यात घालतो. ती जागीच मरते. इतक्यात खंडाची बाकी मागण्यासाठी रामलोचन चक्रवर्ती दारात येतात. घाबरलेल्या छिदामच्या तोंडून निघून जाते की, भांडणात धाकटीने थोरलीवर वार केला. पुढे हेच विधान कायम होते. चंदरा ते नाकारत नाही. पोलीस, मॅजिस्ट्रेट आणि सेशन्स न्यायाधीश या तिघांसमोर ती खुनाची कबुली देते आणि फाशी जाते.

२. एक शब्द, दोन भाषा

संस्कृतात ‘अभिमान’ या शब्दाचा मूळ विस्तार मोठा आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत अहंकाराचे लक्षणच अभिमान असे दिले आहे; तेथे हा शब्द नीतीचा नसून ‘हे माझे’, ‘हा मी’ या जाणिवेचा वाचक आहे. मराठीने या अर्थविस्तारातून एक बाजू उचलली. देशाभिमान, भाषाभिमान, स्वाभिमान, दुरभिमान, निरभिमानी या शब्दांत अभिमान म्हणजे स्वतःच्या किंवा स्वकीयांच्या मोठेपणाची जाणीव. तिचा विषय गुण असो वा वंश असो, तिला समोर दुसरी व्यक्ती लागत नाही. मनुष्य एकटाही अभिमानी असू शकतो.

बंगालीत हा अर्थ नाही असे नाही. परंतु नित्य व्यवहारात तेथे अभिमान म्हणजे प्रेमाच्या माणसाकडून दुखावले गेल्यामुळे मनात साठणारी वेदना आणि ती उघड न सांगता मौनाने, दुराव्याने, तोंड फिरवून व्यक्त करण्याची वृत्ती. परक्याने अपमान केला तर राग येतो. आपल्या माणसाने केला तर अभिमान होतो. म्हणूनच या अर्थाचा अभिमान एकट्याला शक्य नाही. त्याला दुसरा माणूस लागतो, आणि त्या माणसावर आपला हक्क आहे ही श्रद्धाही लागते. मराठीत याच्या जवळ जाणारे शब्द ‘रुसवा’ आणि ‘मान’ हे होत; पण रुसवा लटका आणि क्षणिक असू शकतो, तर ‘मान’ हा जुन्या काव्यातून आलेला शब्द व्यवहारात प्रतिष्ठेच्या अर्थाने स्थिरावला आहे. ‘मानिनी’ या शब्दात मात्र जुना अर्थ अजून शिल्लक आहे.

हा जुना अर्थ साहित्यशास्त्राने काटेकोरपणे मांडला आहे. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त विप्रलंभ शृंगाराचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार भेद केले असून मानाचे प्रणयमान व ईर्ष्यामान असे दोन प्रकार सांगितले आहेत. मान दूर करण्याचे साम, भेद, दान, नती, उपेक्षा आणि रसांतर असे सहा उपायही तेथे गणले आहेत. पुढे बंगालच्या वैष्णव परंपरेत, सोळाव्या शतकातील रूप गोस्वामींच्या ‘उज्ज्वलनीलमणी’त, मान ही प्रेमाच्या परिपाकातील एक पायरी ठरली : स्नेहाच्या पुढची आणि प्रणयाच्या अलीकडची. म्हणजे ज्या संस्कृतीत रवींद्रनाथ लिहीत होते, तिच्यात मान हा प्रेमाला आलेला विकार नव्हता; ते प्रेमाचेच एक रूप होते. राधेचा मान आणि कृष्णाने केलेली मनधरणी हा तर पदावलीचा आवडता विषय. त्या परंपरेत मानानंतर मानभंग येतो आणि मानभंगानंतर मीलन.

‘शास्ति’मध्ये या परंपरेतील पहिला भाग आहे, दुसरा नाही. येथे मान आहे. मानभंग होत नाही. शृंगाराच्या चौकटीत जन्मलेली ही भावावस्था रवींद्रनाथांनी मजुराच्या झोपडीत आणि फौजदारी न्यायालयात आणून ठेवली, आणि तिच्यातून शोकात्मता निर्माण केली. मयत जावेचे नाव राधा असावे हा योगायोग असेल; परंतु मनधरणीच्या कथेतील नायिकेचे नाव येथे अशा स्त्रीला मिळाले आहे की जिला तिच्या नवऱ्याने एका शब्दासाठी ठार केले, हे नजरेआड करता येत नाही.

३. स्वभावरेखन : दोन तुल्यबळ माणसांचा विवाह

चंदराचे वर्णन निवेदक रेंगाळून करतो. वय सतरा-अठरा, चेहरा गोल, बांधा आटोपशीर, अंग नव्या घडवलेल्या नावेसारखे सहज वळणारे. गावातील प्रत्येक गोष्टीविषयी तिला कुतूहल. घाटावर जाता-येता पदर दोन बोटांनी किंचित बाजूला करून ती काळ्या, चपळ डोळ्यांनी सारे पाहून घेते. राधा नेमकी उलट : अव्यवस्थित, संथ आणि कामाचा उरक नसलेली. दुखिराम मोठ्या हाडापेराचा, मंद, जगाचे कोडे न उलगडलेला. छिदाम काळ्या दगडातून घडवल्यासारखा नेटका. म्हणजे चार माणसांच्या या घरात दोन जोड्या आहेत, आणि चंदरा व छिदाम ही जोडी एकमेकांना साजेशी आहे. शोकात्मतेच्या दृष्टीने याला महत्त्व आहे. प्रेमच नसते तर अभिमान निर्माणच झाला नसता.

त्यांच्या संसारातील एक पूर्वप्रसंग कथेत मुद्दाम सांगितला आहे. छिदाम कामाच्या निमित्ताने वरचेवर बाहेर राहू लागतो. हातात कमाई मात्र दिसत नाही. चंदराला संशय येतो. ती भांडत नाही. तीही घाटावर वारंवार जाऊ लागते आणि घरी येऊन काशी मजुमदाराच्या मधल्या मुलाची वाखाणणी करते. छिदाम चिडतो, धमकावतो, तिला कोंडतो. ती निसटून थेट दूरच्या गावी मामाकडे जाते. शेवटी त्यालाच तिची विनवणी करून तिला परत आणावे लागते. या मुलीला मुठीत धरणे म्हणजे पारा मुठीत धरणे, हे त्याला कळून चुकते.

साहित्यशास्त्राच्या परिभाषेत हा ईर्ष्यामान आहे आणि तो ‘नती’ने, म्हणजे नमते घेऊन, दूर झाला आहे. कथेच्या मुख्य घटनेपूर्वी त्याच आकृतीची एक लहान, यशस्वी आवृत्ती वाचकाला दाखवलेली आहे. तिच्यावरून चंदराची भाषा कळते : ती तक्रार शब्दांत मांडत नाही, समोरच्याने जे केले त्याच्याच जातीची कृती ती करते, आणि त्याहून एक पाऊल पुढे जाते.

याच ठिकाणी निवेदक छिदामच्या मनातील एक विचार नोंदवतो. ही मेली तर आपण एकदाचे निर्धास्त होऊ, असे त्याला कधीकधी वाटते. कारण माणसाला माणसाचा जितका मत्सर वाटतो तितका यमाचा वाटत नाही. वाचताना हे वाक्य विनोदासारखे सरकून जाते. शेवट वाचल्यावर मात्र लक्षात येते की कथेने आपला शेवट येथेच सांगून ठेवला होता.

४. कथानक : एका वाक्याचा प्रवास

‘शास्ति’मध्ये खून पहिल्या काही पानांतच उरकतो. रहस्य असे काही नाही. खुनी कोण हे वाचकाला पहिल्यापासून ठाऊक आहे. मग कथानक पुढे सरकते कशाने? ते सरकते एका वाक्याने. छिदामने भीतीपोटी उच्चारलेले खोटे विधान माणसामाणसांतून फिरत जाते आणि प्रत्येक मुक्कामावर अधिकाधिक पक्के होत जाते.

पहिला मुक्काम रामलोचन. कायदा जाणणारे हे गृहस्थ विधान ऐकतात आणि छिदामने बायकोला वाचवण्याचा उपाय विचारताच सुचवतात की, दुखिरामनेच भात न मिळाल्याने वार केला असे सांगावे. गंमत अशी की, रामलोचनांना जी थाप म्हणून सुचते, तेच सत्य आहे. यावर छिदामचे उत्तर कथेचा कणा आहे : बायको गेली तर दुसरी मिळेल, भाऊ फाशी गेला तर भाऊ मिळणार नाही. हे वाक्य दुष्टपणाने उच्चारलेले नाही. त्या समाजातील विवाहाचा हिशेबच त्यात आलेला आहे. पत्नी हे एक स्थान आहे आणि ते पुन्हा भरता येते. भाऊ ही व्यक्ती आहे. चंदराने हे वाक्य ऐकले असे कथेत कोठेही म्हटलेले नाही. ते वाचकाने ऐकलेले असते. चंदराला ते ऐकण्याची गरजही पडत नाही. छिदामने तिला गुन्हा अंगावर घेण्यास सांगितले, त्यातच त्याचा सारा अर्थ तिला पोहोचतो.

दुसरा मुक्काम खुद्द चंदरा. घाबरू नकोस, आम्ही तुला सोडवू, असे म्हणून छिदाम तिला पढवतो : थोरली विळी घेऊन अंगावर आली, तिला अडवताना कोयता लागला. येथे कायद्याची एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. त्या काळी लागू असलेल्या १८६० च्या दंडसंहितेत स्वसंरक्षणाच्या हक्काला मान्यता होती. तसेच गंभीर व आकस्मिक चिथावणीमुळे घडलेल्या मनुष्यवधाला खुनाहून कमी दर्जाचा गुन्हा मानण्याची तरतूद होती. पढवलेल्या कथेतील विळी ही त्या तरतुदींची किल्ली होती. ती विळी राहिली असती तर चंदरा बहुधा सुटली असती.

चंदरा नेमकी तीच काढून टाकते. खून केलास काय? केला. का केला? ती डोळ्यांपुढे नकोशी झाली होती. भांडण झाले होते काय? नाही. ती आधी मारायला आली काय? नाही. तुझ्यावर काही जुलूम करीत होती काय? नाही. चंदरा नवऱ्याचे खोटे स्वीकारते, पण त्यातील जेवढा भाग तिला वाचवणारा आहे तेवढा नाकारते. त्याने तिला एक खोटे दिले. तिने ते त्याला पूर्ण करून परत केले. घाटाच्या प्रसंगातील आकृतीच येथे पुन्हा दिसते : त्याच्या कृतीला तिच्याच जातीचे, पण एक पाऊल पुढचे उत्तर. हीच अभिमानाची कृती. गर्विष्ठ माणूस स्वतःचे निर्दोषत्व ओरडून सांगेल. अभिमानी माणूस आपल्या माणसाने दिलेला आरोपही खाली पडू देत नाही, कारण तो नाकारणे म्हणजे त्याच्याजवळ काहीतरी मागणे होय.

या क्षणी तिच्या मनातील विचार निवेदक उघड करतो. पतीला सोडून आपण आपले नवे तारुण्य घेऊन फाशीच्या खांबाला वरले, या जन्मीचे शेवटचे बंधन आता त्याच्याशी, अशा आशयाचा तो विचार आहे. मूळ बंगालीत येथे ‘वरण करणे’ या अर्थाचेच क्रियापद आहे. वर निवडण्याचे हे क्रियापद स्वयंवराचे आहे. लहानपणी बापाने दिलेल्या घरी आलेल्या मुलीला आयुष्यात एकदाच वर निवडण्याची संधी मिळते, आणि ती अशी. यमाचा मत्सर वाटत नाही असे मानणाऱ्या छिदामचा प्रतिस्पर्धी अखेर यमच ठरतो.

५. वातावरण आणि निवेदन

कथेतील मुख्य घटना कोंदट, दाटलेल्या संध्याकाळी घडते. पाऊस पडून गेलेला, वारा नाही, पद्मा चढत चाललेली, शेते निम्मी पाण्याखाली. किनाऱ्याच्या कडेला आंब्याफणसांची मुळे उघडी पडलेली, जणू आधारासाठी पोकळीत बोटे पसरलेली. या वर्णनाला कोणी केवळ शोभेचे म्हणेल तर ते चुकीचे ठरेल. नदी ज्या तऱ्हेने जमीन खात आहे, त्याच तऱ्हेने कचेरी माणसांचा दिवस खात आहे. दुखिरामच्या हातून घडलेला खून हा त्या दिवसाचा शेवटचा वार आहे. पहिला वार कचेरीत झालेला आहे. कथा हे कोठेही प्रतिपादन म्हणून मांडत नाही. घटनांचा क्रम तेवढा देते.

वातावरणाचा दुसरा उपयोग अधिक सूक्ष्म आहे. पोलीस चंदराला घेऊन जातात ती वाट गावातूनच जाते : हाट, घाट, मजुमदारांचे घर, टपालकचेरी, शाळा. पदर बाजूला करून कुतूहलाने पाहिलेली हीच ती ठिकाणे. कलंक घेऊन ती अखेरची गाव सोडते ती याच खुणांवरून. तिचे कुतूहल आणि तिची बदनामी यांचा नकाशा एकच आहे.

निवेदनाचा प्रश्नही येथेच येतो. विवाह आणि गर्व यांवरील शोकात्म कथांत दोस्तोएव्हस्कीची १८७६ मधील ‘क्रोत्काया’ ही कथा प्रसिद्ध आहे. तेथे आत्महत्या केलेल्या पत्नीच्या शवाजवळ बसून पती स्वतः कथा सांगतो. पत्नीचे मन वाचकाला त्याच्या शब्दांच्या फटींतूनच पाहावे लागते. तेथे गर्व निवेदकाचा आहे आणि मौन पत्नीचे. रवींद्रनाथांनी तृतीय पुरुषी निवेदन स्वीकारले, त्यामुळे त्यांचा निवेदक दोघांच्याही मनात जाऊ शकतो. परंतु जसजशी कथा पुढे जाते तसतसा तो चंदराच्या मनातून बाहेर पडत जातो. फाशीला वरण्याचा विचार सांगितल्यानंतर तिच्या मनाचे दार जवळजवळ बंद होते. उरतात ती फक्त तिची उत्तरे. वाचकही हळूहळू न्यायाधीशाच्या जागी येऊन बसतो. त्याला फक्त शब्द ऐकू येतात.

६. न्यायालय आणि उपरोध

सेशन्स न्यायालयातील प्रसंगात उपरोधाचे अनेक पदर आहेत. न्यायाधीश चंदराला शिक्षेची कल्पना देतो. ती तीच शिक्षा द्यावी म्हणून विनवते. साक्षीदार म्हणून छिदाम उभा राहतो तेव्हा ती तोंड फिरवते. हा कोण, असे विचारल्यावर दोन्ही हातांनी चेहरा झाकून ती त्याला आपला नवरा म्हणते. याचे तुझ्यावर प्रेम नाही काय, या प्रश्नाला तिचे उत्तर होकारार्थी आहे, आणि त्यात जोर इतका आहे की शब्द होकाराचे असूनही सूर त्याच्या विरुद्ध जातो. तुझे त्याच्यावर नाही काय, यालाही उत्तर होकारच. न्यायालयाच्या लेखनिकाने ही उत्तरे लिहून घेतली असतील. तिचा सूर लिहून घेण्याची सोय त्याच्याजवळ नव्हती. भाषेचे जे अंग नोंदीत येत नाही, त्यावरच या प्रसंगाचा अर्थ उभा आहे.

त्यानंतर छिदाम खुनाची कबुली देतो. मग दुखिराम मूर्च्छित होऊन पडतो आणि सावध झाल्यावर तोही कबुली देतो. दुखिरामचे शब्द खरे आहेत. परंतु घरातील स्त्रीला वाचवण्यासाठी दोघे भाऊ खोटे बोलत आहेत, असा न्यायाधीशाचा तर्कशुद्ध निष्कर्ष होतो. चंदराची जबानी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी आहे आणि कायद्याला सुसंगती हे सत्याचे लक्षण वाटते. रामलोचनापुढे सत्य थाप म्हणून आले होते. न्यायाधीशापुढे ते पुन्हा थाप म्हणूनच येते. सत्य दोनदा उच्चारले जाते आणि दोन्ही वेळा त्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

ॲरिस्टॉटलच्या परिभाषेतील अभिज्ञान, म्हणजे अज्ञानातून ज्ञानाकडे होणारे परिवर्तन, येथे छिदामच्या वाट्याला आले आहे. आपण काय केले हे त्याला कळते, तो आपल्या परीने नतीचा उपायही करतो; पण घाटाच्या प्रसंगात जो उपाय चालला तो आता चालत नाही, कारण आता मान दोघांतला राहिलेला नाही. तो न्यायालयाच्या दप्तरात गेला आहे.

७. शेवटचा शब्द

फाशीपूर्वी तुरुंगातील दयाळू सिव्हिल सर्जन चंदराला कोणाला भेटायचे आहे काय, असे विचारतो. ती आईला भेटू इच्छिते. नवरा भेटू इच्छितो, त्याला बोलावू काय, असे विचारल्यावर ती एकच शब्द उच्चारते : ‘मरण’. येथे कथा संपते.

बंगाली स्त्रियांच्या बोलीत हा शब्द उद्गारवाचक म्हणून वापरात आहे. तिरस्कार, वैताग, लाज, लटका राग, कधी कधी तर लाडिकपणाही तो व्यक्त करतो. कोणाचे मरण, हे त्यात सांगितलेले नसते. बोलणारीचे, ऐकणाऱ्याचे की दोघांच्या संबंधाचे, हे प्रसंगावर सोडलेले असते. मराठी स्त्रियांच्या बोलीत ‘मेला’, ‘मेली’, ‘मेलं’ हे शब्द याच जातीचे आहेत; ‘मेल्याला काही कळत नाही’ या वाक्यात शिवी किती आणि माया किती, हे सुरावरच ठरते. परंतु मराठी शब्दांना लिंग आहे आणि त्यामुळे रोख निश्चित होतो. ‘मरो मेला’ असे भाषांतर केले तर राग नवऱ्यावर स्थिर होतो आणि बाकीचे अर्थ गळून पडतात. ‘मरण’ हा शब्द तसाच ठेवला तर मराठीत तो साधे नाम बनतो आणि बोलीचा सूर हरवतो. भाषांतरकाराला दोहोंपैकी एक तोटा पत्करावाच लागतो.

आणखी एक गोष्ट भाषांतरात टिकवणे कठीण आहे. या काळातील रवींद्रनाथांच्या कथांचे निवेदन साधुभाषेत, म्हणजे ग्रांथिक बंगालीत, आहे आणि संवाद बोलीत. शेवटच्या ओळीत ‘म्हणाली’ या अर्थाचे क्रियापद साधुभाषेचे आहे, तर तिचा शब्द बोलीचा. साऱ्या कथेत चंदराविषयी इतरांनी विधाने केली : नवऱ्याने, रामलोचनांनी, पोलिसांनी, वकिलांनी, न्यायाधीशाने, आणि ग्रांथिक भाषेत निवेदकानेही. शेवटचा शब्द मात्र तिच्या घाटावरच्या बोलीतला आहे. तो कोणी पढवलेला नाही.

या शेवटाच्या अगदी जवळ तिच्या लग्नाची आठवण आलेली आहे, हेही महत्त्वाचे. बाहुल्या टाकून सासरी आलेली काळीसावळी, गोल चेहऱ्याची लहानशी मुलगी तेथे क्षणभर दिसते. तिचा बाप मरताना समाधान मानून गेला होता की मुलीची ‘सद्गती’ आपण करून दिली. मराठीत हा शब्द मुख्यतः मरणोत्तर अवस्थेसाठी राखलेला आहे. बंगालीत चांगली सोय लागणे हाही त्याचा अर्थ होतो. विवाहासाठी वापरलेला शब्द फाशीच्या दारात आठवावा, यातच लेखकाचा मौन उपरोध आहे.

८. समारोप

ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्राच्या तेराव्या प्रकरणात शोकांतिकेच्या नायकाच्या पतनाचे कारण म्हणून ‘हॅमार्शिया’, म्हणजे प्रमाद, याची चर्चा केली आहे. ती चौकट यांत्रिकपणे लावल्यास चंदराचा अभिमान हाच तिचा प्रमाद ठरतो आणि शिक्षा तिच्या स्वभावाचे फळ ठरते. या वाचनाने कथेतील इतर सर्वजण दोषमुक्त होतात. वस्तुतः प्रमाद छिदामचा आहे : घाबरून उच्चारलेले एक वाक्य आणि त्यामागचा, पत्नी दुसरी मिळते हा हिशेब. चंदराचा अभिमान हे त्या हिशेबाला दिलेले उत्तर आहे. आपण बदलून मिळणारी वस्तू नाही, हे सांगण्याचा दुसरा कोणताही मार्ग तिला उपलब्ध नव्हता. ना घरात, ना न्यायालयात.

मराठीतही ‘शास्ती’ हा शब्द दंड या अर्थाने रूढ आहे. त्यामुळे कथेचे शीर्षक मराठी वाचकाला लगेच कळते. पण शास्ती कोणाला झाली, हा प्रश्न शीर्षक उघडा ठेवते. न्यायालयाने ती चंदराला दिली. चंदराने ती छिदामला दिली, आणि त्याची मुदत त्याच्या आयुष्याइतकी आहे. दुखिरामला ती मिळालीच नाही. खरे बोलूनही मिळाली नाही. राधेचे दीड वर्षाचे मूल या साऱ्याच्या कडेला रडत होते, त्याच्या वाट्याला कोणती शास्ती आली, हे कथा सांगत नाही. कथेचे घटक शिकवताना विद्यार्थ्यांपुढे अभिमानाचे दोन्ही अर्थ ठेवावेत आणि मगच हा प्रश्न विचारावा. पहिल्याच अर्थावर थांबलेला वाचक चंदराविषयी तोच निकाल देईल, जो त्या न्यायाधीशाने दिला.